टेबलावर उमटलेलं उलटं ‘भव्य सेल’

ताई, आम्ही चिपळूणला राहतो. गेल्या आठवड्यात संध्याकाळी लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली होती, म्हणून मुलीच्या वाढदिवसाला आणलेली जाडजूड लाल मेणबत्ती पेटवली आणि जेवणाच्या टेबलावर उपड्या वाटीवर ठेवली. धाकट्याने टेबलक्लॉथ ओढला आणि मेणबत्ती आडवी झाली. कुणाला भाजलं नाही, पण टेबलक्लॉथ सरकलेला, त्यामुळे सगळं पातळ मेण उघड्या लाकडावर हातभर पसरलं. तिथून सोफ्याच्या दोन उशांवर आणि वेताच्या खुर्चीवरही उडालं. टेबल सागवानी आहे, सासऱ्यांनी १९७९ साली घरी सुतार बसवून करून घेतलेलं. सासरे आता नाहीत. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून मेणावर वर्तमानपत्र ठेवलं आणि वरून इस्त्री फिरवली. थोडं मेण कागदात आलं, पण इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा पांढरट डाग पडला आणि त्यात पेपरातली जाहिरात उमटली. ‘भव्य सेल’ असं उलटं वाचता येतं. शेजारच्या काकू म्हणतात स्पिरिटने पुसा. बहीण म्हणते व्हिनेगर लावा. कामाच्या मावशी म्हणतात रॉकेल. सासूबाई नणंदेकडे नाशिकला गेल्या आहेत, बारा दिवसांनी येतील. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. त्या यायच्या आत टेबल होतं तसं व्हायला हवं. लवकर उत्तर द्या.
– एक सून, चिपळूण

प्रिय सूनबाई,

आधी इस्त्री कपाटात ठेवा आणि स्पिरिटची बाटली काकूंना परत द्या. मग चहा टाका. मेण ही हळद नव्हे. हळद तासागणिक कापडात मुरते, तेल लाकडात शिरतं, पण थिजलेलं मेण जिथे पडलं तिथेच पडून राहतं. आज काढलं काय आणि आठ दिवसांनी काढलं काय, टेबलाला काही फरक पडत नाही. तुमच्या टेबलाचं जे नुकसान झालंय ते मेणाने केलेलं नाही, मेण काढताना झालंय. माझ्याकडे दरवर्षी दिवाळीनंतर मेणाच्या डागांची पत्रं येतात आणि दहातल्या आठांची कहाणी हीच असते. मेण नखाएवढं आणि ओरखडा वीतभर.

इस्त्रीने नेमकं काय झालं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. बाजारातली साधी मेणबत्ती पॅराफिनची असते, म्हणजे खनिज तेलापासून निघालेल्या मेणाची. ती साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. आता टेबलाकडे या. १९७९ साली कोकणात घरी बसून काम करणाऱ्या सुताराने टेबलाला पॉलिश केलं असेल, तर ते बहुतेक चपड्याचं असणार. चपडा म्हणजे लाख, किड्यांनी झाडाच्या फांद्यांवर केलेली. ती स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा गोळा जुन्या मऊ कापडात बांधायचा आणि हातावर हात, म्हणजे थरावर थर, देत जायचं. एक हात वाळला की दुसरा. त्या जुन्या टेबलांना जी आतून आल्यासारखी तांबूस चकाकी असते, ती या चपड्याची. दिसायला देखणा, पण स्वभावाने अगदी नाजूक. सत्तर-पंचाहत्तर अंशांतच तो मऊ पडायला लागतो. आणि इस्त्रीच्या कॉटनच्या खुणेवर, म्हणजे तीन टिंबांवर, तळ साधारण २०० अंशांपर्यंत तापतो. वितळायचं होतं मेण, पण त्याच्या जोडीला पॉलिशही नरम झालं, पेपरची शाई त्याने उचलली आणि कागदातली, हवेतली ओल आत कोंडून ते धुरकट झालं. तुमच्या ह्यांना बोलू नका. व्हिडिओतली बाई गालिच्यावर इस्त्री फिरवत असणार, टेबलावर नाही.

आता काकूंचं स्पिरिट. चपडा ज्यात विरघळतो तेच हे स्पिरिट. त्याने पुसलंत तर मेण राहील आणि पॉलिश फडक्यावर येईल. हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०२० साली सगळ्यांच्याच घरात दाराशी सॅनिटायझरची बाटली असायची. आमच्याकडे ती माझ्या वडिलांच्या रेडिओच्या कपाटावर होती. बाटलीच्या तोंडाला एक थेंब कायम लोंबकळत असे, तो ओघळून तळाशी जमायचा. तीन-चार महिन्यांनी बाटली उचलायला गेले तर ती कपाटाला चिकटलेली, आणि ओढल्यावर खाली बांगडीएवढं वर्तुळ, पॉलिश पार उडालेलं, कोरं लाकूड दिसणारं. अजून आहे ते. त्यावर मी तांब्या ठेवते.

बहिणीचं व्हिनेगर निरुपयोगी. पॅराफिन पाण्यात विरघळत नाही आणि व्हिनेगर म्हणजे बहुतांशी पाणीच. लिंबू, सोडा, टूथपेस्ट यांचंही तेच, वर टूथपेस्टने ओरखडे पडतात ते वेगळेच. राहिल्या कामाच्या मावशी. त्यांचं म्हणणं सगळ्यांत बरोबर आहे. रॉकेल आणि पॅराफिन दोन्ही एकाच खाणीतले, त्यामुळे मेण रॉकेलला वश होतं आणि चपड्याला मात्र ते धक्का लावत नाही. फक्त रॉकेलचा वास आठवडाभर जेवणात येईल आणि तेलकटपणा राहील. त्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातून टर्पेंटाइनची लहान बाटली आणा, रंगवाले वापरतात ते. काम तेच करतं आणि उडून जातं. मावशींना सांगा की ताईंनी तुमची बाजू घेतली.

आता हाताला लागा. सकाळी लवकर, हवा गार असताना. मेण थिजलेलं आहेच, त्याला आणखी कडक करायचं. फ्रिजमधला बर्फ प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत घाला, पिशवी कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि मेणाच्या जाड थरावर मिनिट-दीड मिनिट टेकवा. त्याहून जास्त नको. तुमच्याकडच्या दमट हवेत गार लाकडावर लगेच दव धरतं, आणि चपड्याला पाणी म्हणजे दुसरा पांढरा डाग. दव दिसलं की लगेच टिपा. मग जुनं एटीएम कार्ड घ्या, जवळजवळ आडवं धरा आणि लाकडाच्या रेषा ज्या दिशेने जातात त्या दिशेने मेणाच्या कडेखालून सरकवा. खरवडायचं नाही, ढकलायचं. नीट जमलं की ‘टक्’ असा आवाज येतो आणि नाण्यासारखा तुकडा सुटून येतो. त्याच्या खालची बाजू बघा, टेबलाच्या रेषा तिच्यावर जशाच्या तशा उमटलेल्या दिसतील. हा आवाज एकदा ऐकलात की तुम्ही उरलेलं मेण चवीचवीने काढाल, मला खात्री आहे. सुरी, ब्लेड, उलथनं, तारेची घासणी यांतलं काहीही स्वयंपाकघराबाहेर आणू नका. कडेच्या नक्षीत किंवा फळ्यांच्या सांध्यात मेण बसलं असेल तर बर्फाचा उपयोग नाही. तिथे हेअर ड्रायर सगळ्यांत कमी उष्णतेवर, वीतभर लांबून, सतत हलता ठेवा. मेण मऊ झालं की टूथपिकला कापूस गुंडाळून टिपा. मधे मधे बोट टेकवून बघा. लाकूड बोटाला सोसवेना इतकं तापलं तर पॉलिशलाही ते सोसत नाही.

सगळे तुकडे निघाल्यावर एक लालसर, तुकतुकीत पातळ थर राहील. त्यासाठी टर्पेंटाइन. आधी टेबलाच्या खालच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे थेंबभर लावून बघा. फडक्यावर तपकिरी रंग आला किंवा जागा चिकट झाली तर थांबा. नाही आला तर मऊ सुती फडकं ओलसर करून रेषांच्या दिशेने पुसत जा, फडक्याची स्वच्छ बाजू बदलत. लाल रंगही बराचसा यातच निघेल, कारण मेणबत्तीचा रंग तेलात मिसळणारा असतो. खिडक्या उघड्या ठेवा. आणि त्या वेळी लाइट गेली तर कृपा करून दुसरी मेणबत्ती लावू नका, टर्पेंटाइन भसकन पेट घेतं. फडकीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, बाहेर दोरीवर पसरून वाळवा.

आता तो पांढरा डाग. त्यात एक चांगली गोष्ट दडली आहे. पांढरा म्हणजे ओल पॉलिशच्या वरच्या थरातच अडकली आहे. काळा पडला असता तर ती लाकडापर्यंत पोचली असं समजले असते आणि मग माझ्या सल्ल्याने भागलं नसतं. म्हणून तीन-चार दिवस त्याला काही न करता उघडं ठेवा. वर प्लॅस्टिक नको, टेबलक्लॉथ नको, पंखा चालू. पुष्कळदा एवढ्यानेच अर्धा डाग जातो. उरलेल्यावर रात्री व्हॅसलीनचा जाडसर लेप द्या आणि सकाळी पुसून काढा. दोन-तीन रात्री करा. तरीही धूसर दिसलं तर देवघरातली उदबत्तीची राख घ्या, तलम कापडातून गाळा, तेलाचे दोन थेंब घालून बोटाच्या टोकाने अगदी हलक्या हाताने, रेषांच्या दिशेने चोळा. राख फार बारीक असते, ती धुरकट झालेला वरचा पापुद्रा तेवढा उतरवते. जागा थोडी निस्तेज होईल. तिथे मग फर्निचरचं मेण-पॉलिश अगदी पातळ लावून घासा. हो, तेही मेणच. आपण पैसे देऊन डबीतून आणतो ते. लाकडाचं आणि मेणाचं वैर कधीच नव्हतं.

‘भव्य सेल’चं मात्र मला खात्रीने सांगता येणार नाही. कागदाचे कपटे चिकटले असतील तर त्यावर गोड्या तेलाचे चार थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, कागद भिजला की बोटाने वळकट्या होऊन निघतो. शाईचं टर्पेंटाइनने काही प्रमाणात जाईल. पण जी अक्षरं मऊ झालेल्या पॉलिशच्या पोटात गेली आहेत, ती पॉलिश उतरल्याशिवाय जाणार नाहीत. नखाने कोरू नका. ती पॉलिशवाल्यासाठी सोडा. जुना, हाताने चपडा मारणारा पॉलिशवाला शोधा. चिपळूणसारख्या गावात एखादा तरी असतोच, लाकडाच्या वखारीत विचारा. तो स्पिरिटचा गोळा त्या जागेवरून असा झरझर फिरवेल की धुरकटपणा तिथल्या तिथे विरघळून बसेल, आणि वर दोन हात देऊन जागा मिळवून घेईल. मघाशी ज्या स्पिरिटला मी हात लावू दिला नाही तेच, पण त्याचा हात कुठेही थांबत नाही. आपला थांबतो आणि फडकं तिथेच चिकटतं. एक मात्र सांभाळा. तो म्हणेल, ताई, सगळं टेबल पॉलिश पेपरने घासून पीयू (पॉलियुरेथेनचा कडक, चकचकीत थर) मारू, चकाचक होईल. नको म्हणा. चार बोटांच्या डागासाठी पंचेचाळीस वर्षांची चकाकी घासून काढायची नाही.

उशांचं सोपं आहे, आणि इथे इस्त्रीलाही परवानगी आहे. कापड कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून सांभाळून सांगते. चेन उघडून खोळी काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्या काढल्या कापड चुरगळा, मेण पापडासारखं मोडेल. मखमल असेल तर खरवडू नका, नुसतं चुरगळा आणि ब्रशने झटका. जितकं मेण असं निघेल तितकं काढा, कारण मेण लाल आहे आणि इस्त्रीने वितळलं की रंग धाग्यात उतरतो. मग खाली-वर पांढरं सुती फडकं किंवा साधे टिश्यू ठेवून इस्त्री एका टिंबावर, वाफ बंद करून, नुसती टेकवून उचला. एक टिंब म्हणजे साधारण ११० अंश. मेणाला तेवढं भरपूर झालं आणि पॉलिएस्टर असलं तरी आखडत नाही. दर वेळी फडक्याची जागा बदला, नाहीतर निघालेलं मेण परत तिथेच भरेल. वर्तमानपत्र नको, हे आता तुम्हाला सांगायला नको. वह्यांच्या कव्हरचा खाकी कागद चालतो, पण चकचकीत प्लॅस्टिकचा थर असलेला नव्हे. लाल रंग राहिला तर शिवणीत आधी तपासून कापसावर स्पिरिट घ्या आणि टिपत जा, चोळू नका. काकूंची बाटली इथे कामाला येईल. नंतर लिक्विड साबणाने धुवा, आणि डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत पुन्हा इस्त्री फिरवू नका.

वेताची खुर्ची सगळ्यांत शेवटी घ्या, ती फार सोसते. ड्रायरने मेण मऊ करायचं, जुन्या टूथब्रशने विणीतून ढकलायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं. इतकंच.

निघालेले तुकडे सुक्या कचऱ्यात टाका. वाटीला चिकटलेलं मेण गरम पाण्याने सोडवून ते पाणी मोरीत ओतायचा मोह होईल, तो आवरा. पाणी पुढे जातं आणि मेण पाइपात थिजतं.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत ते. वर मी सगळीकडे ‘बहुतेक चपडा’ असं म्हणत आले. टेबल १९७९ चं आहे हे कबूल, पण मधल्या काळात त्याला पुन्हा कुणी हात लावला असेल तर? एखाद्या लग्नाच्या आधी, घराला रंग देताना, पुराचं पाणी आल्यावर? मेलामाइन, म्हणजे चपड्याहून कडक असं नवं पॉलिश, मारलं असेल तर तुमचं काम सोपं, तो थर स्पिरिटलाही सहजी दाद देत नाही. चपड्यावर कुणी वॉर्निश फिरवलं असेल तर मात्र पॉलिशवाल्याला आधी सांगावं लागेल, नाहीतर तो स्पिरिटचा गोळा लावेल आणि नुसताच रगडत बसेल. खालच्या बाजूला कापसावर स्पिरिटचा थेंब लावून तपासता येतं. कापूस चिकटला, तपकिरी झाला तर चपडा. पण खालची बाजू सहसा पहिल्या वेळचीच राहते, वरच्या फळीचं ती सांगत नाही. वरच्या फळीचं कोण सांगेल? ज्या घरात त्या टेबलावर चाळीस-पंचेचाळीस वर्षं पोळ्या वाढल्या, ती बाई सांगेल. पॉलिश कधी केलं, कोणी केलं, तेव्हा घरभर स्पिरिटचा वास किती दिवस होता, सुताराचं नाव काय, त्याचा मुलगा आता काय करतो, सगळं त्यांच्या तोंडावर असेल.

म्हणून आज संध्याकाळी नाशिकला फोन लावा. “आई, टेबलावर मेण सांडलं, आणि काढताना डाग पडलाय. पॉलिश शेवटचं कुणी केलं होतं?” एवढंच विचारा. इस्त्री फिरवणारा त्यांचाच मुलगा आहे, हे दुसऱ्या वाक्यात आलं तरी चालेल. उगाच गोड बोलून सुरुवात करू नका, सासवांना त्यात लगेच काहीतरी शिजतंय असा वास येतो. रागावतील कदाचित. कदाचित म्हणतील, त्याच टेबलावर आमच्या ह्यांनी कंदील उपडा केला होता, डावीकडच्या कोपऱ्यात बघ, अजून काळं आहे. कोपरा मात्र फोन करायच्या आधीच बघून ठेवा.

पॉलिशवाल्याचं नाव कळलं की मलाही कळवा. माझं रेडिओचं कपाट अजून तसंच आहे.

– तुमची ताई